विमान दीड तासाचं, प्रवास किती तासांचा?

मुंबईहून नागपूरला विमानाने किती वेळ लागतो, असं कोणालाही विचारा. "दीड तास!" उत्तर एका दमात येतं. मग विचारा, अंतर किती? इथे मात्र तीन माणसं तीन आकडे सांगतात. रेल्वेवाला म्हणतो ८३७ किलोमीटर, सीएसएमटी ते नागपूर. समृद्धी महामार्गवाला म्हणतो ७०१, पण तो मोजतो भिवंडी तालुक्यातल्या आमण्यापासून. विमानवाला म्हणतो ६८० च्या आसपास. गंमत म्हणजे तिघंही खरं बोलतात.

आपल्या हॉस्टेलवर विदर्भातली मुलं कमी नाहीत. दिवाळीच्या सुट्टीआधी पंधरा दिवस मेसमध्ये एकच विषय असतो : तिकीट! रेल्वेचं वेटिंग किती, ट्रॅव्हल्सचा रेट किती, आणि एखाद्या श्रीमंत बापाच्या लेकाचा ठरलेला डायलॉग, "आपण तर बाबा फ्लाइटने, दीड तासात घरी." हा दीड तास नेमका कशाचा बनलेला असतो आणि त्यात 'घरी' हा शब्द बसतो का, हे पाहायचं म्हणून हा लेख. मित्रांनो, थोडं गणित येईल, पण एम-थ्रीएवढं भयंकर नाही.

आधी अंतर. मुंबई विमानतळाचा अक्षांश साधारण १९.०९ आणि रेखांश ७२.८७. नागपूरचे २१.०९ आणि ७९.०५. (आमच्या कॉन्व्हेंटमध्ये हे सगळं लॅटिट्यूड-लाँगिट्यूड म्हणून पाठ करून घेतलं. मराठी शब्द मला जास्त आवडले. नावातच 'अंश' आहे, म्हणजे हा कोन आहे हे विसरायला होत नाही.) अक्षांशाच्या एका अंशाला जमिनीवर सुमारे १११ किलोमीटर होतात. रेखांशाचं तसं नाही. रेखांश ध्रुवाकडे एकमेकांजवळ येत जातात, म्हणून १११ ला त्या ठिकाणच्या अक्षांशाच्या कोसाइनने गुणायचं. आपण २० अंशांच्या आसपास आहोत, तिथे एक अंश म्हणजे सुमारे १०४ किलोमीटर. आता उत्तरेकडे २.०० अंश म्हणजे २२२ किलोमीटर आणि पूर्वेकडे ६.१८ अंश म्हणजे ६४४ किलोमीटर. दोन्ही बाजू मिळाल्या, पायथागोरस लावा : ६८१. गोलावरचं पक्कं सूत्र वापरलं तर ६८३ च्या जवळपास येतं. दोन किलोमीटरच्या फरकासाठी मी तरी कॅल्क्युलेटरची आणखी बटणं दाबणार नाही. मुंबई-न्यूयॉर्क काढायचं असेल तर मात्र पायथागोरसला सुट्टी द्यावी लागते. तिथे पृथ्वीचा गोलपणा चांगलाच जाणवतो आणि सर्वांत जवळचा रस्ता सपाट नकाशावर उत्तरेकडे फुगलेला दिसतो.

आता ही मुंबई-नागपूर रेघ नकाशावर मारून बघा. ७३.३९ रेखांशापाशी ती किती उंचीवर येते? मुंबईपासून ०.५२ अंश पूर्वेला, म्हणजे अक्षांशात ०.१७ ची वाढ. उत्तर १९.२६. आणि मुरबाडचा अक्षांश आहे १९.२५! म्हणजे राज्याची राजधानी आणि उपराजधानी जोडणारी सरळ रेघ मुरबाडच्या डोक्यावरूनच जाते. मुंबई विमानतळापासून मुरबाड या रेघेवर ५८ किलोमीटर. पूर्ण वेगातलं जेट विमान हे अंतर सव्वाचार मिनिटांत कापेल. शहापूर या रेघेच्या उत्तरेला राहतं. शहापूर-मुरबाड हवाई अंतर २३ किलोमीटर, जेटला शंभर सेकंद. एसटीला मध्ये भातसा आणि काळू अशा दोन नद्या ओलांडाव्या लागतात, गावं घ्यावी लागतात, अंतर तीसएक किलोमीटर होतं आणि खड्ड्यांच्या मूडप्रमाणे तासभर जातो.

पण ही रेघ कागदावरची आहे. खरं विमान तिच्यावरून धावत नाही, आणि दीड तासाचं कोडं इथूनच सुरू होतं.

देशांतर्गत मार्गांवरची नेहमीची जेट विमानं वर गेल्यावर ताशी ८३० किलोमीटरच्या आसपास वेगाने उडतात. ६८३ भागिले ८३० म्हणजे ४९ मिनिटं. मग वेळापत्रकात दीड तास का? चाळीस मिनिटं कुठे गेली? कंपनी आपल्याला फसवते का? नाही. ती चाळीस मिनिटं मुख्यतः दोन टोकांना खर्च होतात.

मुंबईत वारा बहुतेक वेळा समुद्राकडून येतो. विमान नेहमी वाऱ्याला तोंड देऊन उडवतात, म्हणून मुंबईहून बहुतेक उड्डाणं पश्चिमेकडे होतात. त्या धावपट्टीचं नावच २७ आहे, म्हणजे २७० अंश, शेवटचं शून्य गाळलेलं. तेव्हा पूर्वेला नागपूरला निघालेलं विमान आधी अरबी समुद्रावर जातं आणि मग वळसा घेऊन परत येतं. कल्याणला जाण्यासाठी आधी चर्चगेटची गाडी पकडल्यासारखं! त्याआधी गेटपासून धावपट्टीपर्यंत रांगेत सरकण्यात दहा-पंधरा-वीस मिनिटं गेलेली असतात. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना फुलीसारख्या छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी स्वतंत्रपणे वापरता येत नाहीत आणि दिवसाची नऊशेच्या आसपास विमानं जवळपास एकाच पट्टीच्या हिशोबाने सोडावी-उतरवावी लागतात. रांग लागणारच.

वर गेल्यावरही लगेच ८३० मिळत नाहीत. १०,००० फुटांखाली साधारण नियम २५० नॉट्सचा, म्हणजे ताशी ४६३ किलोमीटरचा. (नॉट म्हणजे तासाला एक नॉटिकल मैल, आणि नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, अक्षांशाच्या एका अंशाचा साठावा भाग. वैमानिक किलोमीटरऐवजी हे माप का धरून बसलेत, ते आता कळेल. नकाशावरच्या अंशांवरून अंतर थेट वाचता येतं.) उतरण्याचाही एक अंगठेनियम आहे. उंची जितके हजार फूट, त्याच्या तिप्पट नॉटिकल मैल आधी खाली यायला सुरुवात करायची. ३५,००० फुटांवर असाल तर १०५ मैल, म्हणजे जवळजवळ १९५ किलोमीटर आधी. चढायला साधारण तेवढंच अंतर धरा. ६८३ मधून हे दोन्ही वजा केले की पूर्ण वेगाने उडायला उरतात तीनशे किलोमीटरही नाहीत. म्हणजे या प्रवासात विमान बहुतांश वेळ एकतर चढतंय नाहीतर उतरतंय.

अंतर आणखी कमी केलं की हा प्रकार विनोदी होतो. मुंबई-पुणे हवाई अंतर १२४ किलोमीटर. पूर्ण वेगाने नऊ मिनिटं. पण या मार्गावर जेव्हा जेव्हा विमानं चालली, तेव्हा वेळापत्रकात तासाभराचा आकडा असायचा. म्हणजे विमानप्रवासाची वेळ अंतराला भागून कधीच काढू नये. आधी अर्धा-पाऊण तास 'फिक्स्ड कॉस्ट' म्हणून बाजूला ठेवावा आणि मग दर शंभर किलोमीटरला सात मिनिटं मिळवावीत. जर्नलच्या भाषेत : वाय इज इक्वल टू एमएक्स प्लस सी, आणि जवळच्या गावांसाठी सगळा खेळ त्या 'सी'चा आहे.

तिकिटावर छापलेली वेळ ही हवेत असण्याची वेळ नसतेच. विमानाच्या चाकांना लावलेले ठोकळे काढल्यापासून पलीकडच्या विमानतळावर पुन्हा ठोकळे लागेपर्यंतची ती वेळ. त्यात कंपन्या थोडी ढील ठेवतात, म्हणजे उशीर झाला तरी 'वेळेवर पोहोचलो' असं सांगता येतं. आपणही सबमिशनची तारीख सरांना दोन दिवस पुढची सांगतोच की!

आणि वारा. आपण उडतो हवेत, पण अंतर कापायचं असतं जमिनीवर. हिवाळ्यात उत्तर आणि मध्य भारतावर उंचावरून पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात. त्या दिवसांत मुंबईहून नागपूरला जाणाऱ्या विमानाला पाठीवर हात, आणि परतणाऱ्याच्या छातीवर. समजा वारा ताशी शंभर किलोमीटरचा असेल, तर जाताना जमिनीवरचा वेग ९३०, येताना ७३०. पावसाळ्यात उलटं होतं. खाली आपल्या छत्र्या उलट्या करणारा वारा नैर्ऋत्येचा असतो, पण त्याच वेळी वर, विमानांच्या उंचीवर, वारे पूर्वेकडून वाहतात. एकाच आभाळात दोन मजले आणि दोन विरुद्ध दिशा. मला ही गोष्ट कळली तेव्हा मेसच्या पातळ आमटीकडे बघण्याची दृष्टीसुद्धा बदलली.

कधीकधी अंतर वाढवणारं कारण वारा नसून माणूस असतो. २०१९ च्या फेब्रुवारीअखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत पाकिस्तानने आपलं आकाश बंद ठेवलं होतं, तेव्हा दिल्ली आणि युरोपातली शहरं होती तिथेच होती, सूत्राने काढलेलं अंतर तेच होतं, पण विमानांना दक्षिणेकडून लांबचा फेरा पडत होता.

इथवर आपण मिनिटांचा हिशोब केला. पण अंतर चुकलं तर फक्त उशीर होतो असं नाही, आणि याचं उदाहरण आपल्या शेजारीच आहे. मुरबाड तालुक्यातल्या वैशाखऱ्याहून नाणेघाट चढून वर गेलं की जुन्नर तालुका लागतो. ट्रेकला आपल्यातले बरेच जण गेले असतील, तो दगडी रांजण आणि ब्राह्मी लेख पाहिला असेल. सातवाहनांच्या काळात कल्याण आणि सोपाऱ्याच्या बंदरांतला माल या घाटाने जुन्नरकडे चढायचा, आणि त्या बंदरांचा व्यापार थेट भूमध्य समुद्रापर्यंत पोहोचलेला होता. त्याच जुन्नरच्या डोंगरावर ७ जुलै १९६२ ला, मध्यरात्र उलटल्यावर थोड्याच वेळात, रोमकडे निघालेलं एक विमान आदळलं. इटलीच्या अलितालिया कंपनीचं, डीसी-८ जातीचं जेट, फ्लाइट ७७१. सिडनीहून निघून सिंगापूर, बँकॉक करत ते मुंबईला उतरणार होतं. विमानातले सर्वच्या सर्व ९४ जण गेले.

ते कोसळलं तेव्हा मुंबई अजून सुमारे ८४ किलोमीटर दूर होती. विमान डोंगराला ३,६०० फुटांच्या आसपास धडकलं. चौकशीत निघालेलं कारण असं की दिशाशोधनातल्या चुकीमुळे वैमानिकाला आपण मुंबईच्या खूप जवळ आलो आहोत असं वाटलं आणि त्याने वेळेआधीच उतरायला सुरुवात केली. खाली सपाट कोकण आहे असा समज, आणि खाली होता सह्याद्री! पावसाळ्यातली रात्र, बाहेर काही दिसत नाही. इंजिनं बिघडली असा निष्कर्ष नव्हता. वैमानिकाने हाताशी असलेल्या साधनांवरून आपली जागा पक्की करून घेतली नाही आणि त्याला त्या भागातल्या डोंगरांची माहिती नव्हती, असंही चौकशीत नोंदवलं गेलं.

८४ किलोमीटर म्हणजे जेटला किती? उतरताना ताशी सहाशेचा वेग धरला तर आठ-साडेआठ मिनिटं. आपण लेक्चरला जेवढा उशीर सहज करतो तेवढी. दुसऱ्या कोणी 'आलोच पोहोचत' म्हटलं तर आपण हसून सोडून देतो, पण विमानात त्या वाक्याला असा अर्थ असतो.

आपण कुठे आहोत हे कळण्याची सर्वांत जुनी पद्धत म्हणजे वेग गुणिले वेळ. अमुक ठिकाण अमुक वाजता ओलांडलं, वेग अमुक, म्हणजे आता आपण अमुक ठिकाणी असणार. यात 'असणार' हा शब्द धोकादायक आहे, कारण वाऱ्याचा अंदाज चुकला की वेगही चुकतो. म्हणून अंदाज न बांधता अंतर थेट मोजणारी यंत्रं लागतात. त्यातलं डीएमई नावाचं यंत्र इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनी नक्की वाचावं असं आहे. कड्यासमोर उभं राहून आरोळी द्यायची आणि प्रतिध्वनी यायला किती वेळ लागला ते मोजायचं, तसाच प्रकार. विमान रेडिओच्या स्पंदांची एक जोडी पाठवतं. जमिनीवरचं केंद्र ती ऐकून बरोबर ५० मायक्रोसेकंद थांबतं आणि उत्तर देतं. विमान एकूण वेळेतून ते ५० वजा करतं आणि उरलेल्याला १२.३६ ने भागतं, कारण रेडिओलहरीला एक नॉटिकल मैल जाऊन यायला १२.३६ मायक्रोसेकंद लागतात. ८४ किलोमीटर म्हणजे ४५ मैल. उत्तर यायला सुमारे ६०० मायक्रोसेकंद. डोळ्याची पापणी लवायच्या आत वैमानिकाला कळतं की मुंबई अजून ४५ मैल आहे, हात आवर! या यंत्राची एक खोड मात्र आहे. ते अंतर तिरकं मोजतं. ३५,००० फुटांवरून बरोबर केंद्राच्या डोक्यावर आलात तरी ते शून्य न दाखवता पावणेसहा मैल दाखवतं. आज जीपीएस आहे, आपली गगन प्रणाली आहे, जमिनीवरचं रडार आहे, आणि समोर डोंगर आला तर आधी ओरडणारी यंत्रणा आहे. तरी डीएमई काढून टाकलेलं नाही.

नागपूरचा विषय निघालाच आहे तर एक जुनी, छान गोष्ट सांगतो. १९४९ साली भारतात रात्रीची टपाल विमानं सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास अशा चार ठिकाणांहून विमानं निघायची आणि मध्यरात्री नागपूरला भेटायची. टपालाच्या पिशव्यांची अदलाबदल व्हायची आणि विमानं परत फिरायची. नागपूरच का? वर केलेलंच गणित करून बघा. नागपूरहून मुंबई ६८३, दिल्ली ८५० च्या आसपास, मद्रास ९०० आणि कलकत्ता हजाराच्या थोडं आत. चारही बाजू एका रात्रीत जाऊन-येऊन होण्यासारख्या. संध्याकाळी टाकलेलं पत्र दुसऱ्या दिवशी देशाच्या दुसऱ्या टोकाला. त्या काळी पत्राला जे जमलं, ते आज हॉस्टेलवरच्या मुलाला जमतं का?

माझ्या रूममेटचं घर नागपूरलाच आहे. गेल्या वर्षी एका संध्याकाळी साडेपाचला त्याला घरून फोन आला. वडिलांना हॉस्पिटलमध्ये ठेवलं होतं, दुसऱ्या दिवशी दुपारी ऑपरेशन ठरलं होतं. खोलीत सात-आठ जण जमले. सगळ्यांचं एकमत, "फ्लाइटने जा, दीड तासात पोहोचशील." कोणीतरी पैसे काढायलाही निघाला. तेव्हा शेजारच्या खोलीतल्या एका सीनियरने वहीचं पान फाडून हिशोब मांडला. हॉस्टेल ते आसनगाव स्टेशन, रिक्षा आणि गाडीची वाट धरून अर्धा तास. आसनगाव ते घाटकोपर लोकलने दीड तास. तिथून विमानतळ पाऊण तास. विमानाआधी दोन तास हजर. उड्डाण दीड तास. उतरून बाहेर पडायला अर्धा तास. बेरीज पावणेसात तास. म्हणजे साडेपाचला निघून मध्यरात्री सव्वाबारा, पण बरोबर त्या वेळेला विमान असेल तरच. रात्रीच्या एका विमानाचं तिकीट त्याच्या आवाक्याबाहेर होतं. सकाळचं पहिलं विमान गाठायचं तर पहाटे चारला विमानतळावर हवं, म्हणजे रात्र विमानतळाबाहेर काढायची. त्यानंतरचं विमान त्याला अकराच्या पुढे नागपुरात उतरवत होतं.

आणि विदर्भ एक्स्प्रेस? संध्याकाळी सातच्या सुमारास सीएसएमटीहून सुटते, आठच्या सुमारास कल्याणला येते, सकाळी नऊच्या आसपास नागपूर. तो साडेसहाला निघाला, कल्याणला जनरल डब्यात घुसला, भुसावळपर्यंत उभा होता, आणि साडेनऊला हॉस्पिटलमध्ये होता. ऑपरेशनला जाण्याआधी वडिलांशी बोलणं झालं. (काका आता बरे आहेत, सुपारी सोडली आहे असं ते म्हणतात.)

पावणेसात तासांत ६८३ किलोमीटर म्हणजे ताशी १०० किलोमीटर. ८३० चं विमान आपल्या हॉस्टेलच्या फाटकापासून मोजलं की ताशी १०० वर येतं! अंधेरीत राहणाऱ्याला हाच प्रवास चार-साडेचार तासांत होतो. विमान तेच, दीड तास तोच. आता समृद्धी बघा. त्याचा शेवटचा इगतपुरी-आमणे हा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ ला खुला झाला आणि तो शहापूर तालुक्यातूनच जातो, कसाऱ्याचा घाट जवळपास आठ किलोमीटरच्या बोगद्याने टाळून. वेगमर्यादा १२०. सरासरी ९० धरली तरी इथून नागपूर साडेसात-आठ तासांत. म्हणजे शहापूरकरासाठी विमान आणि मोटार जवळजवळ बरोबरीत आहेत. अडचण एवढीच की मोटार पाहिजे, आणि ती आपल्याकडे नाही.

नवी मुंबईचा विमानतळ ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन होऊन त्याच वर्षी नाताळच्या दिवशी, २५ डिसेंबरला सुरू झाला, तेव्हा कॅन्टीनमध्ये बऱ्याच जणांना वाटलं की आता आपलं काम सोपं झालं. तोही हिशोब करून पाहिला. मुरबाडहून जुना विमानतळ हवाई अंतराने ५८ किलोमीटर, नवा ४४. मुरबाडचा चौदा किलोमीटरचा फायदा आहे. शहापूरहून जुना ६३, नवा ५८. फक्त पाच. ओझरचा नाशिक विमानतळ शहापूरहून ९६, पण तिथून सुटणारी विमानं मोजकीच. शहापूरकराला आसनगावहून लोकल आहे, पण नव्या विमानतळाकडे जायचं तर ठाण्याला गाडी बदलून ट्रान्स-हार्बर धरावी लागते, आणि पुढे आणखी वाहन. मुरबाडला रेल्वेच नाही. कल्याणपर्यंतचे तीसएक किलोमीटर एसटी किंवा जीपनेच. त्यामुळे कागदावरचे ते चौदा किलोमीटर मुरबाडच्या मुलाच्या हातात पडतात का, हे कल्याण नाक्यावर त्या दिवशी ट्रॅफिक किती आहे त्यावर आहे.